रिकामा फ्लॅश

१३ ऑक्टोबर, सोमवार

कंपनीला सुट्टी. दिवाळीची सफाई. अनुजाने माळ्यावर चढायला सांगितलं तेव्हा माझी कंबर दुखत होती, पण नशिबाने चढलो. पितळी डब्यांच्या मागे बाबांचा कॅमेरा सापडला. रोलचा. चामड्याच्या केसमध्ये. चाळीस वर्षं जुना आणि हातात घेतला तर वजनाला आमच्या फाउंड्रीतल्या कास्टिंगसारखा. शिरोलीत सतरा वर्षं क्वालिटी बघणाऱ्या माणसाला असली वस्तू हातात घेतली की कळते. खटका दाबला. असला दणदणीत आवाज आला की अंगावर काटा आला. अनुजा खालून म्हणाली, काटा नंतर येऊ दे, आधी डबे खाली द्या.

निर्णय: आजपासून मी फोटोग्राफर. मोबाइलवर फोटो काढणं बंद. रोजनिशी रोज लिहायची.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज.

(मधले नऊ दिवस दिवाळीचे होते. ते धरायचे नाहीत.)

झुंबरआत्ती कागलजवळच्या गावाहून आली. बाबांची थोरली बहीण. बाबा जाऊन सहा वर्षं झाली तरी भाऊबीज चुकवत नाही. भिंतीवरच्या फोटोला ओवाळते आणि ओवाळणी माझ्याकडून घेते. तो फोटो म्हणजे आधार कार्डावरचा मोठा करून घेतलेला. त्या घाईत तेवढाच सापडला. त्यात बाबा नुकतेच मुद्देमालासकट पकडल्यासारखे दिसतात. जन्मभर दुसऱ्यांचे फोटो काढले, स्वतःचा धड एक नाही.

यंदा मी साडी पुढे केली तर आत्तीने ती परत माझ्याच हातात ठेवली. म्हणाली, "साडी नको. माझा एक चांगला फोटू काढून दे. म्या गेल्यावर लावायला. ह्यो असला चोरावाणी लावलासा तर भिंतीवरनं खाली उतरंन."

एक जानेवारीला आत्तीला ऐंशी पूर्ण होतात. खरी तारीख कुणालाच माहीत नाही, त्या वयाची निम्मी माणसं आधार कार्डावर एक जानेवारीलाच जन्मली आहेत. त्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडे कार्यक्रम करायचा आणि कार्यक्रमात फोटो काढायचा. ओवाळणीच्या ताटाला हात लावून शब्द दिला.

आमचा हॉल अंधारा. म्हणजे फ्लॅश लागणार, आणि या कॅमेऱ्याला स्वतःचा फ्लॅश नाही, वर वेगळा बसवावा लागतो. आत्ती म्हणाली, दारात बसते की, ऊन येतंय. तिला समजावलं की दारात बसवून हौशी लोक काढतात.

अनुजाने फ्लॅशचं बजेट सांगितलं. दीड हजार. कलेची किंमत करणाऱ्या घरात मी राहतो.

२६ ऑक्टोबर, रविवार

चौदा व्हिडिओ बघितले. प्रत्येक फ्लॅशला गाइड नंबर असतो. त्याला अंतराने भागलं की लेन्सचं तोंड किती उघडायचं ते येतं. सोपं आहे. क्रांतीला समजावून सांगितलं, ती नववीत आहे, तिला समजलं नाही. ती म्हणाली समजलं. पण तिच्या चेहऱ्यावरून मला कळतं.

एक्सेलमध्ये तक्ता केला. अकरा कॉलम. प्रकाश, वजन, सेल किती खातो, डोकं वर वळतं का, असं करत करत शेवटचा कॉलम 'माझं मत'. कंपनीत सप्लायर निवडताना पाचच कॉलम असतात. अनुजाने विचारलं, लग्नाच्या वेळी असला तक्ता केला होता का. केला असता तर काय झालं असतं ते इथे लिहीत नाही, वही उघड्यावर असते.

३ नोव्हेंबर, सोमवार

मंगळवार पेठेत जोतीरामअण्णांकडे गेलतो. बाबांचे दोस्त, वय पंचाहत्तर. एके काळी मोठा स्टुडिओ होता, निम्म्या कोल्हापूरची लग्नं अण्णांनी काढली. आता पुढे मोबाइल कव्हरचं दुकान आणि मागच्या खोलीत अण्णा. ब्लॅक अँड व्हाइट रोल अजून स्वतः धुतात, बाथरूममध्ये.

मी तक्ता दाखवला. त्यांनी चष्मा न लावताच बघितला. मग ड्रॉवरमधून एक काळा ठोकळा काढून समोर ठेवला. लग्नातला जुना फ्लॅश. घेऊन जा म्हणाले, फुकट. मी नम्रपणे नाकारला. फुकट वस्तूचं क्वालिटी कंट्रोल होत नाही. शिवाय एका व्हिडिओत सांगितलंय की जुन्या फ्लॅशच्या व्होल्टेजने कॅमेरा जळतो. अण्णा म्हणाले, नव्या डिजिटलचा जळत असंल, तुझ्यात जळायला हाय काय, सगळं लोखंड आणि पितळ. जाऊ दे. जुन्या काळातली माणसं.

फ्लॅशचं राहू दे, रोल नीट घाल, असंही म्हणाले. रोल पुढे ओढताना डावीकडची बारकी चावी आपोआप फिरते का बघायचं. फिरली तर रोल पुढे चाललाय. मी फ्लॅशबद्दल विचारायला गेलतो, चावीबद्दल नाही. त्यामुळे नीट ऐकलं नाही.

चहा पिताना मात्र एक गंमत सांगितली. लग्नात वाजंत्र्यांपासून आचाऱ्यापर्यंत सगळे म्हणायचे, आमचा एक काढा की. रोल महाग. मग अण्णा कॅमेऱ्याला हातच लावायचे नाहीत, नुसतं फ्लॅशचं बटण दाबायचे. लख्ख उजेड. माणूस खूश, रोल शाबूत. ते त्याला रिकामा फ्लॅश म्हणायचे. मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आत्तीला फोन करून रिकाम्या फ्लॅशची गंमत सांगितली. आत्ती हसली नाही.

म्हणाली की बाबांच्या लग्नात करवली म्हणून ती नवी जरीची साडी नेसून उभी राहिली होती. जोतीरामने समोर येऊन फ्लॅश मारला होता. डोळे दिपले होते. दोन महिन्यांनी अल्बम आला, त्यात सगळे होते, आचारीसुद्धा होता. ती नव्हती. "मला वाटलं, माझं थोबाड बरं आलं न्हाई म्हणून काढून टाकला आसंल," म्हणाली. चव्वेचाळीस वर्षं तिला असं वाटतंय. त्यानंतर ती कुणाच्याच कॅमेऱ्यासमोर धड उभी राहिली नाही, लग्नाकार्यात कुणी कॅमेरा काढला की स्वयंपाकघरात जायची.

मला फार राग आला. हसलो त्याचा आला आणि अण्णांचाही आला.

निर्णय: असल्या माणसाकडून सुईसुद्धा घ्यायची नाही. आत्तीचा फोटो असा काढायचा की कोल्हापूरने बघत राहावं. फ्लॅश नवाकोरा घ्यायचा.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

ऑनलाइन मागवलेला फ्लॅश आला. बजेटच्या निम्म्यात. तक्त्यात पहिला नंबर. 'माझं मत' कॉलमला दहापैकी दहा दिले होते.

कॅमेऱ्यावर बसवला. खटका दाबला. ढिम्म. सेल बदलले. ढिम्म. बीपीच्या मशीनमधले चांगले चार सेल काढून घातले. ढिम्म. क्रांतीने खोक्यावरचं बारीक वाचलं. हा मदतनीस फ्लॅश आहे, दुसरा फ्लॅश उडाला की त्याच्या उजेडाने हा उडतो. स्वतःहून उडत नाही. हे मला माहीत होतं, फक्त विकत घेताना आठवलं नाही.

क्रांतीने मोबाइलवर माझा फोटो काढला तेव्हा मात्र तो व्यवस्थित उडाला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

तो परत पाठवला. आता सेकंडहँड. नेटवर इचलकरंजीच्या एका पावण्याची जाहिरात सापडली. गेलतो. पावणं यंत्रमागाच्या शेडमध्ये कामावर, दोघांना एकमेकांचं काही ऐकू येईना. मी बोटांनी आठशे सांगितले, त्याने बोटांनी बाराशे. मी मान हलवली ती नाही म्हणून, त्याने हो म्हणून घेतली. भांडायला आवाज पुरेना, बाराशे देऊन आलो.

घरी आणून चालू केला. शिट्टी वाजायला लागली. व्हिडिओत सांगितलंय की चार्ज होताना बारीक आवाज येतो, म्हणून वाट बघितली. पाऊण तास. बारीक नव्हताच, शेजारचे कुकर समजून विचारायला आले. लाल दिवा लागलाच नाही. शेवटी सेलच्या झाकणातून वास यायला लागला तेव्हा अनुजाने तो चिमट्याने धरून गॅलरीत ठेवला. बजेट संपल्याचं तिने सांगितलं. हळू आवाजात सांगितलं, त्यामुळे मी वाद घातला नाही.

८ डिसेंबर, सोमवार

तक्त्याचा नव्याने अभ्यास केला. एक कॉलम राहून गेला होता: 'भावनिक मूल्य'. तो घातल्याबरोबर जोतीरामअण्णांचा फ्लॅश एकदम वर आला. आकड्यांपुढे रागाचं काही चालत नाही.

गेलतो. अण्णांनी काही न विचारता ड्रॉवर उघडला. गाइड नंबर अठ्ठावीस, डोकं वर वळतं, चार सेलवर चालतो. कॅमेऱ्यावर बसवून खटका दाबला, पहिल्या झटक्यात लख्ख. घरी आल्यावर अनुजा म्हणाली, काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही इचलकरंजीवरून. तिला संशोधन म्हणजे काय ते माहीत नाही.

निघताना अण्णांनी विचारलं होतं, रोल मी घालून देऊ का. स्पष्ट नको म्हणालो. आत्तीचं त्यांना बोलून दाखवणार होतो, पण फ्लॅश हातात होता. फुकट घेतलेल्या वस्तूसमोर माणसाला बोलता येत नाही.

२८ डिसेंबर, रविवार

रोल घातला. छत्तीसचा, ब्लॅक अँड व्हाइट. व्हिडिओ दुप्पट वेगाने बघितला, कारण हा भाग सोपा आहे. रोलचं तोंड त्या फटीत घालायचं, झाकण लावायचं, रोल पुढे सरकवायचा वरचा खटका दोनदा ओढायचा. झालं. डावीकडची बारकी चावी जागची जरासुद्धा हलत नाही. जुन्या मालाची मजबुती.

राहिलेला सगळा दिवस फ्लॅशवर. अनुजाला खुर्चीत बसवून टेपने अंतर मोजलं. साडेतीन मीटर. अठ्ठावीस भागिले साडेतीन, आठ. तोंड आठवर. शटर एक साठांश. उजेड मऊ व्हावा म्हणून फ्लॅशवर माझा धुतलेला रुमाल बांधला. खरा फोटो काढला नाही, रोल वाया घालवायचा नाही. अशी तयारी बाबांनीही कधी केली नसेल.

१ जानेवारी, गुरुवार

झाला. आयुष्यातला सर्वोत्तम दिवस.

आत्ती मोरपंखी काठाची साडी नेसून हॉलमध्ये बसली. अनुजाने आणि क्रांतीने ओवाळलं, ऐंशी दिवे लावायचे ठरले होते, पंचवीस लागले, त्यात पंखा बंद करावा लागला. मी कॅमेरा बाहेर काढला तेव्हा आत्तीने फ्लॅशकडे एकटक बघितलं. विचारलं, ह्यो जोतीरामचा का? मी म्हणालो, आत्ती, फ्लॅश कुणाचा हे महत्त्वाचं नाही, मागे माणूस कोण आहे ते महत्त्वाचं. ती म्हणाली, तेबी खरंच हाय. पदर सारखा केला आणि हात मांडीवर ठेवून बसली.

पहिल्या उजेडाला डोळे मिटले. दुसऱ्याला पण. दहाव्यापासून सवय झाली. समोरून, बाजूने, बाबांच्या फोटोकडे बघताना, दिव्याकडे बघताना, अनुजासोबत, क्रांतीसोबत. छत्तीस झाले तरी रोल थांबेना. सदतीस, अडतीस, खटका आपला ओढला जातोय. रोलवर छत्तीस लिहिलंय, मी मोठ्याने मोजत एक्केचाळीस काढले. कंपन्या पूर्वीसारख्या उदार राहिल्या नाहीत म्हणतात, पण बघा. शेवटी आत्तीच म्हणाली, बास रे, मला आता सगळीकडं जांभळं दिसतंय.

रोल मागे गुंडाळला. इतका हलका गुंडाळला गेला की दोन वेढ्यांत काम झालं.

आत्ती म्हणाली फोटो येईपर्यंत इथेच राहते. जाताना बरोबर घेऊन जाते.

५ जानेवारी, सोमवार

अण्णांच्या बाथरूममध्ये. पत्र्याच्या डब्यात रोल धुतला. अण्णांनी उजेडाला धरला.

कोरा. या टोकापासून त्या टोकापर्यंत काचेसारखा आरपार. पलीकडची बादली दिसत होती.

मी म्हणालो फ्लॅश कमी पडला असेल, रुमाल जाड होता. अण्णांनी विचारलं, चावी फिरत होती का. मी म्हणालो, मुळीच नाही, एकदम घट्ट होती. अण्णा स्टुलावर बसले. म्हणाले, "पोरा, रोलचं तोंड अडकलंच न्हाय. रोल जाग्यावरच, तू आपला वरनं खटका वडतोयस." मग किती काढले विचारलं. मी छत्तीस सांगितलं.

घरी येऊन सांगितलं की प्रोसेसिंग चालू आहे.

८ जानेवारी, गुरुवार

आत्ती रोज सकाळी चहाबरोबर विचारते. काल सांगितलं की हवामानामुळे वाळत नाही. आज सांगितलं की रोल पुण्याला पाठवलाय. तिने भिंतीवर बाबांच्या शेजारी खिळा ठोकून घेतला, क्रांतीकडून. म्हणाली, गावाकडं न्यायच्या आधी चार दिस भावाजवळ लावते. जेवताना माझ्यासमोर तो खिळा येतो. दोन दिवस पाठ करून जेवतोय.

कंपनीत आज चांगला माल रिजेक्ट केला. बीपी बघायचं होतं, मशीनमध्ये सेल नाहीत.

१२ जानेवारी, सोमवार

सकाळी नऊला जोतीरामअण्णा दारात. मी बोलावलं नव्हतं. त्यांना वाटलं मी घरी सगळं सांगितलंय. चप्पल काढता काढताच म्हणाले, आक्का, वाईट वाटून घेऊ नका, पोराचा रोल फिरलाच न्हाय, एकबी फोटू आला न्हाय.

अनुजाच्या हातात लाटणं होतं. क्रांती माझ्याकडे बघत होती. मी पुण्याचं काहीतरी बोलायला गेलो, ते माझं मलाच ऐकू आलं नाही.

आत्ती म्हणाली, "जोतीरामनं मला एकदाच रिकामा फ्लॅश मारलेला. तू एक्केचाळीस मारलंस."

इतकी लाज मला शाळेतसुद्धा वाटली नव्हती. मी तिच्या पाया पडलो. खरोखर पडलो, हे नाटक नाही, इथे कुणी बघत नाहीय. माझ्या डोक्यावर हात ठेवून तिने अण्णांकडे बघितलं. विचारलं, "माझं थोबाड वंगाळ हुतं का रं, जोतीराम? खरं सांग."

अण्णांना आधी समजेना. समजलं तेव्हा खाली बसले. "न्हाई वो आक्का. थोबाड काय न्हवतं वंगाळ. शेवटचा रोल, त्यात चारच फोटू उरलेलं, आन् सप्तपदी व्हायची हुती. मी तुमच्याकडं बघितलंबी न्हाई." आत्ती म्हणाली, आसं व्हय. एवढंच म्हणाली, पण पदराने डोळे पुसले.

अण्णांनी खिशातून नवा रोल काढला. बाबांचा कॅमेरा मागितला. मी आत जाऊन आणला, फ्लॅश बसवून, सेल घालून, टेपसकट. अण्णांनी फ्लॅश उपसून माझ्या हातात दिला. म्हणाले, उजेड हाय की. आत्तीला दारात खुर्ची टाकली, ऊन तिरपं येत होतं तिथे. चेहऱ्याची एक बाजू काळी पडत होती म्हणून समोरून पांढरी चादर धरायला सांगितली, उजेड परत फेकायला. ते काम मला मिळालं.

रोल घालून अण्णांनी आत्तीचं बोट डावीकडच्या चावीवर ठेवलं आणि खटका ओढला. "फिरली?" आत्ती म्हणाली, फिरली. परत ओढला. "आता?" फिरली. मग फोटो काढायला मागे सरकले.

आत्ती पुतळ्यासारखी बसली होती. तेवढ्यात वाऱ्याने चादर माझ्या तोंडावर आली, मी ती सोडवायला गेलो, ती डोक्यावरून पाठीमागे गेली, आणि मी आतूनच ओरडलो की अँगल बदलू नका. आत्ती हसायला लागली. दात नाहीत, पण अख्खी हसली. खटक्याचा आवाज आला. अण्णांनी एकच काढला. लगेच परत तिचं बोट चावीवर ठेवून खटका ओढला. फिरली.

मी म्हणालो, आणखी चार-पाच काढून ठेवा. दोघांनीही माझ्याकडे बघितलं.

१९ जानेवारी, सोमवार

फोटो आला. फ्रेम करून आणला. लोक असल्या फोटोत गंभीर बसतात, आत्ती तोंड उघडून हसतेय. अनुजा म्हणाली, हा लावायचा का नंतर. आत्ती म्हणाली, नंतर मला कुठं बघायला मिळणार, आत्ताच लावा. चार दिवस बाबांच्या शेजारी राहणार, मग तिच्याबरोबर गावाला जाणार. त्या दोघांना शेजारी बघितलं की बाबांनी जे काही केलं असेल त्यात आत्तीचा हात नव्हता असं वाटतं.

सेल बीपीच्या मशीनमध्ये परत घातले. एकशे बावन्न. फ्लॅश अण्णांना परत दिला, त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकला. तक्त्यात एक ओळ वाढवली: चादर. किंमत शून्य, वजन हलकं, सेल लागत नाहीत, 'माझं मत' दहापैकी दहा. एकूण बेरजेत ती पहिली आली.

फोटोच्या उजव्या कडेला चादरीचा कोपरा आलाय आणि त्यावर चार बोटं. माझी. फ्रेमवाला म्हणाला होता कापून टाकू का, आत्तीने कापू दिली नाहीत. आज शेजारच्या बायका फोटो बघायला आल्या तर तिने आधी ती बोटंच दाखवली. सांगत होती, हा आमचा अमरसिंह. चादर लय चांगली धरतो.